टेनिसचे चेंडू आणि दाबाचा डबा

टेनिसच्या चेंडूंचा नवा डबा उघडताना एक लहानसा आवाज होतो. वरचा पत्रा ओढला, की 'फस्स्' अशी हवा सुटते आणि मग सारे शांत होते. खेळणाऱ्याचे त्या आवाजाकडे फारसे लक्ष नसते. त्याचे चित्त आतल्या तीन पिवळ्याधमक चेंडूंवर असते. परंतु चेंडूच्या आयुष्याचा हिशेब त्याच क्षणी सुरू होतो. त्यानंतर तो खेळात वापरला काय किंवा कपाटात ठेवला काय, त्याच्यातील जोम दिवसेंदिवस कमी होणारच. दोन-चार आठवडे लोटले, की तोच चेंडू जमिनीवर आपटून जेमतेम वर येतो. वरून पाहावे तर लव शाबूत, रंग ताजा, कोठे चीर नाही की भोक नाही. मग गेले ते काय?

बेळगावच्या पश्चिमेस, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिंडलगा वसले आहे. एका अंगाला लष्कराचा कॅम्प, दुसऱ्या अंगाला शेतीवाडीची गावे. या मुलखात पाऊस मृगात येतो तो हस्तापर्यंत मुक्काम हलवीत नाही. अशा ठिकाणी एखाद्या बेताच्या मिळकतीच्या घरातील मुलगी टेनिस शिकू लागली, असे समजावे. रॅकेट एकदा घेतली की काही वर्षे पुरते. चेंडू मात्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. आणि शिकणाऱ्याला तीन चेंडू पुरत नाहीत, टोपलीभर लागतात. त्यांतून वैशाखात उघडलेले चेंडू पावसाळाभर घरात पडून राहिले, तर दसऱ्याला बाहेर काढावेत तो ते निर्जीव झालेले. असे चेंडू मग गल्लीतील क्रिकेटला मिळतात. तेथे त्यांचे आणखी काही दिवस मजेत जातात, ही गोष्ट निराळी. पण टेनिसच्या खर्चाची तोंडमिळवणी त्याने होत नाही. खेळ अंगी येण्यापूर्वीच खर्चापायी सुटावा, अशी पाळी येते ती बहुधा अशाच लहानसहान गोष्टींनी.

यावर एक उपाय आहे. उघडलेले चेंडू पुन्हा दाबाखाली ठेवता येतील असा डबा बनविणे. दिसावयास ही गोष्ट अगदी साधी आहे. परंतु तिच्यात पदार्थविज्ञानही आहे आणि थोडा धोकाही आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय त्या वाटेस जाऊ नये.

प्रथम चेंडूचीच ओळख करून घेणे इष्ट. चार्ल्स गुडइयर याने गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ साली घेतले. त्यानंतर तीस वर्षांनी, १८७४ मध्ये, मेजर वॉल्टर विंगफील्ड याने इंग्लंडात हिरवळीवरील टेनिसचे पेटंट घेतले. पोकळ रबरी चेंडूवाचून हा खेळ हिरवळीवर खेळता आला नसता. आरंभी हे चेंडू उघड्या रबराचेच असत. त्यांना फलालिनीचे आवरण घालण्याची कल्पना जॉन हीथकोट या खेळाडूची. आजचा चेंडू म्हणजे रबराच्या दोन वाट्या एकमेकींस चिकटवून, त्यांवर लोकरीची व कृत्रिम धाग्याची लव चढवून केलेला पोकळ गोळा होय. वाट्या जोडताना आत दाब कसा भरतात, हे मोठे गमतीचे आहे. जुन्या पद्धतीत आत सोडियम नायट्राइट व नवसागर यांची लहानशी मात्रा थोड्या पाण्यासह ठेवीत. साचा तापला, की त्यांतून नायट्रोजन वायू निघे आणि चेंडू आतून फुगे. नव्या पद्धतीत दाबाची हवा भरलेल्या साच्यातच दोन्ही वाट्या मिटवितात.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमाप्रमाणे नेहमीच्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असावे लागते, व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर. शंभर इंचांवरून, म्हणजे २५४ सेंटिमीटरांवरून, तो कठीण पृष्ठभागावर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर वर उसळला पाहिजे. ही उसळी काही अंशी रबराची असते आणि बरीचशी आत कोंडलेल्या हवेची. बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा चेंडूतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने, किंवा त्याहून किंचित कमी अंतराने, अधिक असतो. मोठ्या व्यावसायिक सामन्यांत पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात. तेवढी चैन सामान्य खेळाडूला कोठून परवडणार?

आता भोक नसता हवा जाते कोठून? या प्रश्नाचा माग प्रथम फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टराने काढला. जॉन मिचेल हे त्याचे नाव. १८३१ साली त्याच्या ध्यानात आले, की रबराच्या फुग्यांत भरलेला वायू पडद्यातूनच निसटतो आणि निरनिराळे वायू निरनिराळ्या वेगाने निसटतात. पुढे १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने त्याची उपपत्ती सांगितली. पाण्यात साखर विरघळावी तसा वायू रबराच्या एका बाजूस विरघळतो, रेणूरेणूने आतून सरकत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. याला छिद्र लागत नाही. दोन्ही बाजूंच्या दाबांत अंतर असले, की पुरे. अंतर जितके मोठे, तितकी गळती वेगाने. अंतर शून्य झाले, की गळतीही थांबली.

कोणी म्हणेल, मग भिंतच जाड करावी, किंवा हवा न सोडणारे रबर वापरावे. तसे रबर आहे. सायकलच्या व मोटारीच्या ट्यूबा ज्या ब्युटिल रबराच्या करतात, ते नैसर्गिक रबरापेक्षा कित्येक पटींनी अधिक काळ हवा धरून ठेवते. परंतु ते उसळीला मंद. जो गुण ट्यूबेला तारतो तोच चेंडूला मारतो. भिंत जाड करावी, तर वजन नियमाबाहेर जाते. दाबावाचून नुसत्या रबराच्या ताठपणावर उसळणारे चेंडूही मिळतात व ते पुष्कळ टिकतात. परंतु त्यांचा स्पर्श हाताला कठीण लागतो आणि सरावलेला खेळाडू त्यांवर सहसा राजी नसतो. तेव्हा चेंडू बदलून हा प्रश्न सुटत नाही. चेंडूच्या बाहेरची परिस्थिती बदलावयास हवी. आत जेवढा दाब, तेवढाच बाहेर उभा करावा. मग हवेला जाण्याचे कारणच उरत नाही. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत दाबबंद पत्र्याचे डबे निघाले ते याच तत्त्वावर. डबा उघडताना होणारा तो 'फस्स्' आवाज म्हणजे चेंडूचा पहारेकरी निघून गेल्याची सूचना होय.

तो पहारेकरी पुन्हा उभा करावयाचा, तर सामग्री कोणती लागते? हवा भरण्याचा पंप, हवा आत घेऊन बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह, रबरी वायसर, आणि नीट कातलेले झाकण. या वस्तूंची बेळगावाला काही नवलाई नाही. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले; आणि किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा इतिहास मोजतात तोही १८८८ पासूनच, बेळगावातील सायकलींच्या व्यवसायापासून. १९१० मध्ये किर्लोस्करांनी आपला कारखाना कुंडलच्या माळावर नेला व तेथे किर्लोस्करवाडी वसली; तरी लोखंड ओतण्याची, लेथवर कातण्याची विद्या बेळगावात रुजली ती रुजलीच. आज उद्यमबागेत ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने शेजारी शेजारी आहेत आणि तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रसामग्री हे तर या शहराचे वैशिष्ट्य समजले जाते. शेकडो किलोंचा दाब ज्यांच्या रोजच्या हाताखालचा, त्यांना दोन किलोंचा डबा अवघड नाही.

तेव्हा आकडे मांडून पाहावे. तीन चेंडूंसाठी आठ सेंटिमीटर व्यासाचे व चोवीस सेंटिमीटर लांबीचे नळकांडे घेतले, तर त्याचे घनफळ सुमारे १,२०० घनसेंटिमीटर भरते. तीन चेंडू त्यांतील ४७० व्यापतात. उरते ७३० च्या आसपास. त्या मोकळ्या जागेत एक किलो दाब चढवावयास तितकीच बाहेरची हवा आत कोंबावी लागते. सायकलच्या मोठ्या पंपाचे तीन-चार झटके म्हणजे काम झाले. येथवर सारे सोपे आहे.

दाबाचे खरे रूप दिसते ते झाकणावर. आठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर. एक किलो दाबाला त्यावर पन्नास किलोंचा रेटा येतो. दोन किलोंना शंभर. हा रेटा आवाक्यातील आहे. परंतु टोपलीभर चेंडू एकदम ठेवावेत म्हणून कोणी तीस सेंटिमीटर रुंदीची बादली घेतली आणि तिला झाकण बसविले, तर त्या झाकणाचे क्षेत्रफळ सातशे चौरस सेंटिमीटर होते. एक किलो दाबाला सातशे किलो. दोन किलोंना चौदाशे. म्हणजे क्विंटलाची चौदा पोती झाकणाला आतून वर ढकलीत आहेत! व्यास चौपटीच्या जरा आत आणि रेटा चौदापट, हे गणित ज्याने केले नाही त्याने बादलीला हात लावू नये. पुष्कळ चेंडू ठेवावयाचे असतील, तर रुंद भांडे एक करण्यापेक्षा अरुंद नळकांडी अनेक करावीत, हेच शहाणपणाचे.

नळकांड्याच्या भिंतीवर मानाने ताण थोडा पडतो. वरील मापाचे नळकांडे एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे केले, तर दोन किलो दाबाला त्या पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला ऐंशी किलोंचा ताण येतो. साधे पोलाद त्याच्या वीसपटीहून अधिक ताण सोसते. दगा होतो तो टोकांशी आणि सांध्यांशी. सपाट तळ फुगू पाहतो, कडेचा सांधा उकलू पाहतो. म्हणूनच दाबाच्या टाक्यांची टोके घुमटासारखी बाक दिलेली असतात.

झाकण कसे असावे, याचा धडा दोन परिचित वस्तूंनी पूर्वीच घालून दिला आहे. जत्रेतील गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली पेटंट केली. तिच्यात गोटी बाहेरून बुचासारखी ठोकलेली नसते. आतल्या वायूचाच दाब तिला गळ्यातील रबरी कड्यावर दाबून धरतो. दाब जितका अधिक, तितके तोंड अधिक घट्ट. स्वयंपाकघरातील आत सरकवून बसवावयाच्या झाकणाचा कुकर याच युक्तीवर चालतो, आणि दाब असेतोवर त्याचे झाकण खाली ढकलून काढताच येत नाही. शत्रूलाच द्वारपाल नेमण्याचा हा प्रकार आहे. चेंडूच्या डब्याचे झाकण असे आतून बसणारे केले, तर चुकून दाबासह उघडण्याची भीतीच राहत नाही. आट्यांचे झाकण करावयाचे असेल, तर सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे आटे न्याहाळावेत. त्यांना उभ्या चिरा असतात. टोपण थोडे फिरताच वायू त्या चिरांवाटे निघून जातो आणि आटे सुटण्यापूर्वीच बाटली मोकळी होते.

कुकरचा दाबही साधारण एक किलोचाच असतो, हा योगायोग पाहून कोणाला वाटेल, की जुन्या कुकरलाच व्हॉल्व्ह बसविला म्हणजे झाले. येथे एक बारीक सापळा आहे. शिट्टीवाचून कुकरला जी दुसरी सुरक्षा-झडप असते, ती बहुधा ठराविक तपमानाला वितळणाऱ्या धातूची असते. वाफेच्या बाबतीत दाब व तपमान बरोबरच वाढतात, म्हणून ती योजना ठीक. थंड हवेचा दाब कितीही चढला तरी तो धातू वितळणार नाही. शिट्टी अडली, की दुसरे संरक्षण नाही. म्हणून चेंडूच्या डब्याला केवळ दाबावर उघडणारी, स्प्रिंगची स्वतंत्र सुरक्षा-झडप आणि दाब दाखविणारे घड्याळ असलेच पाहिजे. पंक्चरवाल्याच्या दुकानात कंप्रेसरच्या टाकीतील दाब या डब्याच्या गरजेच्या कित्येक पट असतो. क्षणभर हात रेंगाळला तरी अनर्थ होईल.

हौशी माणसाचा हात बहुधा प्रथम पाण्याच्या प्लॅस्टिक नळाकडे जातो. व्यास जुळतो, टोपणे तयार मिळतात, किंमत थोडी. नळावर सहा किलो किंवा दहा किलो असा आकडाही छापलेला असतो. परंतु तो आकडा पाण्यासाठी आहे, हवेसाठी नव्हे. पाणी दाबले तरी आकसत नाही. नळ फुटला तर एक चिळकांडी उडून दाब संपतो. हवा मात्र ताणलेल्या धनुष्यासारखी शक्ती साठवून असते. नळ फुटला, तर ती त्याचे धारदार तुकडे दूरवर फेकते. उन्हाने व वयाने तो नळ ठिसूळही होतो. म्हणूनच कोंडलेल्या हवेसाठी तो वापरू नये, असा इशारा त्याचे उत्पादक व सुरक्षा-तज्ज्ञ देत असतात. जो डबा मुलांच्या खोलीत किंवा मैदानावरील बाकाखाली राहावयाचा, तो पोलादाचा किंवा दाबासाठीच बनविलेल्या भांड्याचा असावा; काटकसर तेथे करू नये.

आणि तयार झालेल्या डब्याची पहिली परीक्षा हवेने नव्हे, पाण्याने घ्यावी. डबा पाण्याने काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, नळकाम करणाऱ्यांजवळ असतो तसल्या हातपंपाने नित्याच्या दाबाच्या दीडपट दाब चढवावा. दोन किलोंचा डबा तीन किलोंना टिकला, आकार बदलला नाही, सांधा पाझरला नाही, तरच त्यात पुढे हवा भरावी. मग नित्याच्या दाबाला सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. पंक्चरवाला बादलीत ट्यूब बुडवून शोधतो तोच बुडबुडा येथेही खरे बोलतो.

डबा सिद्ध झाल्यावर प्रश्न उरतो तो दाब किती ठेवावा हा. ताज्या चेंडूंची राखण करावयाची, तर आतल्याइतकाच, म्हणजे एक किलोच्या जवळपास. चेंडू थकलेले असतील, तर त्यांना हवा परत द्यावी लागते; आणि ती ज्या वाटेने गेली त्याच वाटेने, त्याच सावकाशीने परत जाते. अर्धा किलोवर आलेला चेंडू एक किलोच्या डब्यात ठेवला, तर अंतर अर्ध्या किलोचे. दोन किलोंच्या डब्यात ठेवला, तर दीड किलोचे. म्हणजे भरण आरंभी तिप्पट वेगाने होते. मात्र तेथे विसरून चालत नाही. अधिक दिवस राहिला, तर चेंडू नियमापेक्षा फुगून दगडासारखा होतो. एक किलोच्या डब्यात विसरला तरी काही बिघडत नाही. घाई नसणाराने धीमी वाटच धरावी. चेंडू हवा पितात तसा डब्यातील दाब थोडा उतरतो. घड्याळाचा काटा खाली आला, की गळतीचीच शंका न घेता पंपाचा एखादा झटका द्यावा. काटा थांबेचना, तर मात्र वायसर तपासावा. सोड्याच्या नळीतील कार्बन डायऑक्साइड वापरण्याचा मोह धरू नये. रबरातून तो हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने जातो. चेंडू चटकन फुगेल आणि तितक्याच चटकन उतरेल. साधी, कोरडी हवा सर्वांत उत्तम. पावसाळ्यातील ओले चेंडू मात्र डब्यात मुळीच कोंडू नयेत. लवेला कुबट वास व बुरशी यावयास वेळ लागणार नाही.

हिंडलग्याच्या उंचीचाही येथे अल्पसा संबंध पोहोचतो. बेळगावचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्याने तेथील वातावरणाचा दाब वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. तोच चेंडू घाट चढून आला, की बाहेरचा रेटा कमी झाल्याने किंचित अधिक उसळतो. उंच प्रदेशासाठी निराळे चेंडू असतात. पण नियमाने ते १,२१९ मीटरांच्या वरच. बेळगावास नेहमीचाच चेंडू चालतो. दाबाचे घड्याळ बाहेरच्या हवेशी तुलना करूनच आकडा दाखविते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

या डब्याकडून अशक्य ते मागू नये. तो चेंडूला हवा परत देतो, तारुण्य नाही. झिजलेली लव तो भरून काढीत नाही, हजार फटक्यांनी शिणलेले रबर तो ताठ करीत नाही. परंतु सरावाच्या टोपलीतील पुष्कळ चेंडू झिजण्याच्या आधीच दाब गेल्यामुळे टाकले जातात, आणि त्यांचे आयुष्य तो खात्रीने वाढवितो. जगात दरवर्षी तीस कोटींच्या आसपास टेनिसचे चेंडू तयार होतात, असा अंदाज सांगतात. त्यांतील रबर मातीत कुजत नाही. तेव्हा हा लाभ एका घरापुरता नाही.

तथापि घराचा लाभही लहान मानण्याचे कारण नाही. एखाद्या पालकाने पंपाचे चार झटके देऊन रात्री डबा ठेवून द्यावा आणि पाऊस ओसरल्यावर मुलीने तेच चेंडू मैदानावर न्यावेत, ते छातीइतके उसळावेत, यात चमत्कार कोणताच नाही. दोन्ही बाजूंचे दाब सारखे केले, की गळती थांबते, एवढाच नियम त्यामागे आहे. तो नियम समजून, झाकणावरचा रेटा मोजून आणि पाण्याची परीक्षा घेऊन बनविलेला डबा वर्षानुवर्षे निमूटपणे काम देईल. अंदाजाने बनविलेला डबाही कदाचित काही दिवस तसाच निमूट राहील. पण त्याच्याजवळ मूल उभे करण्याचा धीर कोणा जाणत्याला होणार नाही.